बाबा, ती ठेव मोडू नका

ती. आई-बाबा,
सा. न.

फोनवर या विषयाचं भांडण होतं, म्हणून लिहितेय. चिनूच्या ऑटिझमवर तुम्ही सुचवलेल्या, पोटातल्या जिवाणूंच्या त्या उपचाराला आम्ही त्याला नेणार नाही. ठरलंय आमचं. बाबा, तुम्ही मुदत ठेव मोडायला निघालात हे कळलं आणि रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही.

तुम्ही पाठवलेलं कात्रण चारदा वाचलं. त्यात खोटं काही नाही. 2017 मध्ये अमेरिकेत ॲरिझोनातल्या संशोधकांनी 18 ऑटिस्टिक मुलांना निरोगी माणसांच्या विष्ठेतले जिवाणू दिले. पोटाच्या तक्रारी खूप कमी झाल्या, वागण्यातही फरक दिसला. पण मुलं अवघी 18, आणि आपल्या मुलाला खरा उपचार चाललाय हे घरच्यांना ठाऊक. आशेनं बघितलं तर चिनू मलाही रोज थोडा जास्त बोलका वाटतो हो!

पुढे 2021 मध्ये ऑस्ट्रेलियात 247 मुलं तपासली, तर गाडी उलटीच निघाली: जिवाणूंमुळे ऑटिझम नव्हे, तर ऑटिझममुळे खाणं मोजकं, आणि मोजक्या खाण्यामुळे पोटातल्या जिवाणूंचे प्रकार कमी. आपल्या साहेबांचं तेच नाही का? मऊ हवं, पांढरं हवं, त्याच वाटीत हवं. शिवाय असे जिवाणू दिल्यावर घातक संसर्ग होऊन एक रुग्ण दगावला, तेव्हा 2019 मध्ये अमेरिकेच्या औषध खात्याला इशारा द्यावा लागला होता. मला नाही धीर होत.

हातावर हात ठेवून बसलेय असं मात्र समजू नका. तो सोफ्याच्या हातावर पोट दाबून ओणवा पडायचा, आठवतं? आपण त्याला खोड म्हणायचो. बद्धकोष्ठ होतं ते, पोट दुखत होतं त्याचं. सांगता येत नव्हतं, एवढंच. डॉक्टरांनी साधं औषध दिलं, आता सकाळपर्यंत झोपतो. ऑटिझम आहे तिथेच आहे, पण रात्रीचं किंचाळणं थांबलं.

आई, मी त्याला अँटिबायोटिक दिलं म्हणून हे झालं, असं तू मावशीला म्हणालीस ते कळलं. रागावले नाही गं. मीही कित्येक रात्री तेच उगाळलंय. त्यानं ऑटिझम होतो असं सिद्ध झालेलं नाही, असं डॉक्टर म्हणाले. तूही सोडून दे आता. परीक्षेच्या सकाळी माझं पोट दुखायचं आणि तू तळहात चोळून, गरम करून ठेवायचीस. मी तसंच करते. हलका हात त्याला खपत नाही, माझा हात धरून स्वतःच घट्ट दाबतो.

बाबा, ती ठेव आईच्या गुडघ्यासाठी आहे. ऑपरेशनची तारीख घ्या, पुढे ढकलू नका. बीपीची गोळी रोज, बरं वाटलं तरी. आणि जिवाणूंच्या पुडीचे डबे आता आणू नका. तुमचा जीव तुटतो, कळतं मला.

रविवारी व्हिडिओवर त्याला ‘बोल ना, बोल ना’ करू नका. नुसता चष्मा काढा-घाला करा. त्याला हसू येतं.

तुमची,
ठमी