डिजिटल रुपया महापुरात चालला पाहिजे

महोदय,

रिझर्व्ह बँकेने 1 डिसेंबर 2022 रोजी सामान्यांसाठी डिजिटल रुपयाचा प्रयोग सुरू केला. आमच्या कोल्हापूरच्या लक्ष्मीपुरीत कोथिंबिरीच्या पाट्यांनासुद्धा क्यूआर कोड टेकवलेला असताना हे नवीन कशाला, असं लोक विचारतात. फरक मोठा आहे. यूपीआयमध्ये बँक खात्यातले पैसे इकडून तिकडे जातात. डिजिटल रुपया म्हणजे खुद्द रिझर्व्ह बँकेचं चलन, नोटेसारखंच. त्यावर व्याज मिळत नाही, पण एखादी बँक अडचणीत आली म्हणून तो अडकतही नाही.

आम्हा कोल्हापूरकरांना मात्र काळजी आहे ती पावसाळ्याची. ऑगस्ट 2019 च्या महापुरात पंचगंगेचं पाणी वस्तीत शिरलं, शिरोलीजवळ महामार्ग बंद झाला, वीज गेली. मोबाइल बंद पडले आणि दुधाची पिशवी घ्यायलाही रोख पैसेच लागले. 2021 मध्ये पुन्हा पूर आला. नेटवर्कशिवाय डिजिटल रुपया वापरण्याची सोय करणार, असं रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी 2024 मध्ये जाहीर केलं. ती सोय चिखली, आंबेवाडीसारख्या पूरग्रस्त गावांत, साध्या फोनवर, ऐन पावसाळ्यात तपासून पाहावी. वातानुकूलित सभागृहातल्या प्रात्यक्षिकाने आमचं समाधान होणार नाही.

आणखी एक. हा पैसा ठरावीक कामासाठीच खर्च होईल, अशी अटही त्यात घालता येते. अनुदानापुरतं ते समजू शकतं. ऊसबिलाच्या, मजुरीच्या पैशाला मात्र अशी अट कधीही लागणार नाही, हे कायद्यातच लिहून द्यावं.

– एक वाचक, शाहूपुरी, कोल्हापूर