ड्रॅगन क्वेस्ट वगळून हा इतिहास अपुरा

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवार पुरवणीतील ॲनिमेवरचा, म्हणजे जपानी ॲनिमेशन मालिकांवरचा, लेख वाचला. लेख मेहनतीने लिहिलेला आहे. मात्र व्हिडिओ गेमचा उल्लेख त्यात अगदी शेवटी, खेळणी आणि टी-शर्ट यांच्या पंगतीत, लोकप्रिय मालिकांच्या नावावर खपणारा माल म्हणून येतो. जपानपुरते तरी हे चित्र खरे नाही, म्हणून हे पत्र.

एनिक्स कंपनीने मे १९८६ मध्ये फॅमिकॉम या टीव्हीला जोडून खेळायच्या यंत्रासाठी ‘ड्रॅगन क्वेस्ट’ हा गेम आणला. त्याचे कर्ते युजी होरी हे ‘शोनेन जम्प’ या मांगा (जपानी चित्रकथा) साप्ताहिकात गेमविषयी लिहीत असत, आणि त्याच साप्ताहिकात अकिरा तोरियामा यांची ‘ड्रॅगन बॉल’ ही चित्रकथा १९८४ पासून क्रमशः प्रसिद्ध होत होती. गेममधील पात्रे तोरियामांनी रेखाटावीत हा योग जुळवून आणला तो त्यांचे जम्पमधील संपादक काझुहिको तोरिशिमा यांनी. एका पात्राची भूमिका घेऊन, लढत लढत त्याचे बळ वाढवत न्यायचे, हा खेळप्रकार तेव्हा जपानमधील बहुतेक मुलांना नवा होता. तो कसा खेळावा हे समजावून सांगण्याचे कामही जम्पच्याच पानांनी केले. लेखक, चित्रकार, संपादक आणि गिऱ्हाईक, सगळा गोतावळा एकाच साप्ताहिकाचा होता.

या गेममधील सर्वांत दुबळा शत्रू म्हणजे स्लाइम. होरींनी कच्च्या आराखड्यात चिखलाच्या गोळ्यासारखे काहीतरी काढून पाठवले होते; तोरियामांनी त्याचा टपोऱ्या डोळ्यांचा, हसरा थेंब केला. तेव्हाच्या यंत्राच्या मोजक्या ठिपक्यांत आणि रंगांतही तो थेंब चटकन ओळखू येतो, कारण चार रेषांत पात्र उभे करणे हा मांगा चित्रकाराचा रोजचाच व्यवसाय आहे. अख्खा गेम ६४ किलोबाइटमध्ये बसवायचा असल्याने कटाकाना या जपानी लिपीतील अक्षरेसुद्धा निवडून घ्यावी लागली होती. खेळ थांबवून दुसऱ्या दिवशी तिथूनच पुढे न्यायचा, तर पडद्यावर येणारा २० अक्षरांचा मंत्र मुलांना कागदावर उतरवून घ्यावा लागे, आणि एखादे अक्षर चुकले की आदल्या दिवशीची सगळी मेहनत पाण्यात. यंत्राला जे दाखवता येत नव्हते ते गेमसोबतच्या पुस्तिकेतील तोरियामांची चित्रे भरून काढत.

पोकेमॉनचीही सुरुवात मालिकेपासून झालेली नाही. ‘गेम फ्रीक’ हे सातोशी ताजिरी यांनी काढलेले हस्तलिखित नियतकालिक होते आणि केन सुगिमोरी त्यात चित्रे काढत. पुढे त्याच नावाची कंपनी झाली. तिचा गेम फेब्रुवारी १९९६ मध्ये आला, मालिका एप्रिल १९९७ मध्ये.

लेखकाचा असा समज का झाला असावा, याचा मात्र अंदाज येतो. आपल्याकडे पोकेमॉन घरोघरी पोहोचला तो टीव्हीवरून, हिंदी बोलत; तो गेम ज्यावर चाले ते गेम बॉय हे हातात धरून खेळायचे यंत्र फार थोड्या घरांत होते. टीव्हीला जोडायचे जे स्वस्त गेम इथल्या मुलांनी नव्वदच्या दशकात खेळले, त्यांत मारिओ आणि कॉन्ट्रा होते, कारण ते खेळायला काही वाचावे लागत नाही. पानेच्या पाने जपानी संवाद असलेला गेम त्या वाटेने येणार तरी कसा? त्यामुळे उलटा क्रमच आपल्याला स्वाभाविक वाटू लागला.

आता तर ही देवाणघेवाण जपानबाहेरही गेली आहे. ‘सायबरपंक २०७७’ या पोलिश गेमच्या जगावर २०२२ मध्ये ट्रिगर या जपानी स्टुडिओने मालिका केली, तर २०२० मध्ये आलेला ‘गेन्शिन इम्पॅक्ट’ दिसतो पुरता ॲनिमेसारखा, पण तो चिनी कंपनीचा आहे.

लेखात पालकांना दिलेला खर्चाचा इशारा रास्त आहे. किंबहुना तो फारच थोडक्यात आटोपला, अशी माझी तक्रार आहे. आवडत्या पात्राच्या ओढीने मुले गेममधल्या ‘गाचा’ या सोडतीत पैसे घालतात, आणि पदरात काय पडले हे पैसे गेल्यावरच कळते. ठरावीक वस्तूंचा संच सोडतीतून पूर्ण केल्यावर बक्षीस देणारा ‘कंप्लीट गाचा’ हा प्रकार जपानच्या ग्राहक व्यवहार खात्याने २०१२ मध्येच बेकायदा ठरवला. या विषयावर पुरवणीत स्वतंत्र लेख यावा, आणि तो शक्यतो असे गेम स्वतः खेळलेल्या एखाद्या जाणकाराकडून लिहवून घ्यावा, ही विनंती.

आपला,
एक वाचक, पुणे