पहिल्या बोलपटांच्या खुणा रद्दीत नकोत

संपादक महोदय,

१४ मार्च १९३१ रोजी मुंबईत प्रदर्शित झालेल्या ‘आलम आरा’ या पहिल्या भारतीय बोलपटाची एकही प्रत आज उपलब्ध नाही. आपल्या शेजारच्या कोल्हापुरात प्रभात कंपनीने काढलेला १९३२चा ‘अयोध्येचा राजा’ मात्र सुदैवाने टिकला. अशा बोलपटांचे संग्राहकांना वाटणारे आकर्षण केवळ दुर्मिळतेचे नाही, असे मला मनापासून वाटते. पार्श्वगायन रूढ होण्यापूर्वी नट-नटी चित्रीकरण चालू असतानाच स्वतः गात, त्यामुळे त्यांचा श्वास, शब्दांची फेक आणि संगीत रंगभूमीचे संस्कार त्या ध्वनिपट्टीत जसेच्या तसे उतरले आहेत, आणि नंतरच्या सफाईदार ध्वनिमुद्रणात ते सहसा सापडत नाहीत. त्या काळची नायट्रेट फिल्म ज्वालाग्राही होती; कित्येक प्रती जळाल्या, कित्येक फिल्मवरच्या लेपातली चांदी काढण्यासाठी नष्ट झाल्या.

बेळगाव, निपाणी, खानापूर परिसरातील जुन्या घरांत गाण्यांच्या पुस्तिका, जाहिराती किंवा ग्रामोफोनच्या तबकड्या असतील, तर त्या कृपया रद्दीत देऊ नयेत. फिल्मचा डबा सापडल्यास तो उष्णतेपासून दूर ठेवून पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाला कळवावे.

आपला विश्वासू,
एक वाचक, बेळगाव