'सरासरी १५ महिने' एवढंच छापून मोकळे होऊ नका

मा. संपादक साहेब,

मागच्या आठवड्यात तुमच्या पेपरात ग्लिओब्लास्टोमा या मेंदूच्या कॅन्सरची बातमी होती, त्यात 'रुग्ण सरासरी १५ महिने जगतो' एवढंच. माझं दारव्हा तालुक्यात मेडिकल आहे, दुसऱ्या दिवशी गावातला एक पोट्टा तेच कात्रण अन् बापाची नागपूरची फाईल घेऊन काउंटरवर हजर. "भाऊ, ऑपरेशन होऊन तीन महिने झाले, मंग बाबाचे बाराच राह्यले का?" काय सांगता त्याले! घरात वावर विकायच्या गोष्टी सुरू झालेल्या.

हा आकडा २००५ च्या एका मोठ्या अभ्यासातला. रेडिएशनसोबत टेमोझोलोमाइड या केमोच्या औषधाच्या कॅप्सूल घेतलेल्यांचा तो मध्य होता, १४.६ महिने, म्हणजे अर्धे लोक त्याच्या पुढे गेले अन् शंभरातले २६ दोन वर्षांनंतरही होते. त्यातही एमजीएमटी नावाचं एक जीन बघावं लागते, औषधाने कॅन्सरच्या पेशीत जे मोडलं ते हे जीन दुरुस्त करते, अन् मिथायलेशनने, म्हणजे जीनवर बसलेल्या रासायनिक खुणेने, ते बंद पडलेलं असलं तर औषध चांगलं लागू पडते. ज्यांचं बंद त्यांचा मध्य २१.७ महिने, ज्यांचं चालू त्यांचा १२.७, औषध तेच रेडिएशन तेच. मग दोघांना एकच १५ सांगून काय उपयोग?

या फाईलमध्ये एमजीएमटीची टेस्टच नव्हती. आयडीएच नावाच्या दुसऱ्या जीनमधला बदल 'निगेटिव्ह' होता पण नुसत्या स्टेनवर, म्हणजे तुकड्याला रंग लावून बघायच्या टेस्टवर, अन् त्या स्टेनमध्ये आयडीएचचा सगळ्यात कॉमन बदलच तेवढा दिसतो. पेशंट ४८ चा, ५५ च्या आतल्याचं सिक्वेन्सिंग, म्हणजे जीन पूर्ण वाचायची टेस्ट, करून बघायला पाहिजे, कारण बदल निघाला तर डब्ल्यूएचओच्या २०२१ च्या यादीप्रमाणे तो ग्लिओब्लास्टोमा राहतच नाही, अॅस्ट्रोसायटोमा नावाचा मेंदूचा वेगळा कॅन्सर होतो, अन् असे पेशंट साधारण बरेच जास्त जगतात. घरच्यांना हे कोणी सांगितलंच नाही. डॉक्टरला तरी किती बोलणार, ओपीडीत पाय ठेवायला जागा नसते.

जीन बंद निघालं म्हणजे पेशंट बरा झाला असं नाही, गाठ बहुतेक वेळा परत येतेच, हे पण मी त्याला सांगितलं. पण ऑपरेशनमध्ये काढलेला तुकडा मेणाच्या ब्लॉकमध्ये ठेवलेला असतो, त्याच्यावरच दोन्ही टेस्ट होऊ शकतात, परत डोकं उघडायची गरज नसते. ब्लॉक मागायचा असतो हेच लोकांना माहीत नाही, तेवढं तरी छापा. अन् बाहेरच्या लॅबचा खर्च या पोट्ट्यासारख्यांना झेपत नाही, तर या टेस्ट सरकारी योजनेतून व्हाव्या म्हणून विषय लावून धरा, तुमचं ऐकतात ते.

– एक मेडिकलवाला, ता. दारव्हा, जि. यवतमाळ