ती काळी गोळी आणि सोमवारच्या मावशी

ती. आई-बाबा,
शि. सा. न.

(बाबा, मायना नीट लिहिलाय, लाल पेन शोधू नका.)

हे सगळं फोनवर सांगता आलं असतं, पण आई तू "बरं बरं, तू जेवलीस का" म्हणून विषय मिटवतेस आणि बाबा कानातलं मशीन काढून टेबलावर ठेवतात, म्हणून टाइप करून मोठ्या अक्षरात प्रिंट काढलीय आणि तुमच्या नातवाबरोबर पाठवतेय. आई, तू मोठ्याने वाच. आणि मधली वाक्यं गाळू नकोस, मला माहितीये तू गाळतेस.

आधी कबुली. बाटली मी नेली. पेपरांच्या रद्दीमागे ठेवलेली ती काळ्या गोळ्यांची, हॉर्लिक्सची जुनी बाटली, गेल्या रविवारी निघताना पर्समध्ये घातली. बाबा, तुम्ही सोमवारी दिवसभर शोधलीत आणि आईवर चिडलात असं कळलं. तिचा काही संबंध नाही, तिला मी सांगितलंच नव्हतं. मला तिथेच तुमच्या तोंडावर बोलायला हवं होतं, पण तुम्ही नेमके मला सोडायला जिन्यापर्यंत आलात, दोन मजले उतरू नका म्हटलं तरी एक उतरलात, आणि मग तोंडातून शब्दच फुटला नाही. दादर ते मुलुंड उभी होते, मेगाब्लॉकची गर्दी, आणि पर्समध्ये ती बाटली खडखडतेय. चोर वाटत होते स्वतःला.

पण का नेली ते ऐका. महिनाभर बीपी खाली येत नव्हतं. १३०-१३५ वर सुखाने चाललेलं ते एकदम १७०, डॉक्टरांनी गोळी वाढवली, परत वाढवली, पाऊल दाबलं की खड्डा पडायला लागला, रात्री पोटऱ्यांत गोळे येऊन तुम्ही उठून बसायचात, आणि रक्तात पोटॅशियम निघालं ३.१, जे साडेतीनच्या खाली जायला नको. डॉक्टर दोनदा म्हणाले, बाहेरचं काही घेता का हो, आणि तुम्ही दोन्ही वेळा "छे छे". बाबा, खोटं नव्हतात बोलत, मला माहितीये. तुमच्या हिशेबात गोळी म्हणजे औषध, आणि हा खाऊ.

बाटलीत काय आहे ते मात्र कळेना. पाकीट नाही, कागद नाही. कोणी दिल्या विचारलं तर म्हणालात आठवत नाही, कट्ट्यावर कोणीतरी दिल्या, घशाला बऱ्या आहेत.

मग मी घरी येऊन आपला खेळ खेळले. आठवतो ना? साडेपाचला तुम्ही शाळेतून यायचात, बाहीला खडू, आणि दारातच "डोळे मीट, तोंड उघड". लिमलेटला नेहमी खडूचा वास यायचा, मला बरीच वर्षं वाटायचं लिमलेटला तसाच वास असतो. वेलची आली की किसमी, विड्याची चव आली की रावळगावची पान पसंद, आणि पेपरमिंट तर श्वास आत घेतला की कळायचीच. एकदा खडीसाखर म्हणून तुरटी ठेवलीत आणि आईने तुमच्याशी दोन दिवस अबोला धरला. तुमचा नियम अजून पाठ आहे: आधी बघ, मग हुंग, चव सगळ्यात शेवटी, आणि चावायचं नाही. प्रयोगशाळेत मात्र जिभेला काही लावशील तर कान पिळीन, हेही पाठ आहे.

तर बघितलं. नाण्यासारखी गोल, चपटी, काळी कुळकुळीत, कडक नाही पण चिवट. (आई, तू म्हणालीस ना कवळी काळी पडतेय, टूथपेस्ट बदलायला हवी? टूथपेस्ट नाही ती.) वर काहीतरी छाप होता पण काळ्यावर काळा, दिसेना. हुंगलं तर बडीशेपेसारखं काहीतरी आणि त्यामागे काष्ठौषधीच्या दुकानाचा वास. मग जिभेवर ठेवली. बाबा, तुम्ही ही रोज खाता? आधी खारट, पण मिठाचा खारटपणा नाही, झणझणीत, नाकात चढणारा, डोळ्यांत पाणी आलं, मी बेसिनकडे पळाले, आणि थुंकल्यावर पाच मिनिटांनी घशात गोडवा यायला लागला तो जाईचना. हे म्हणाले डांबराचा तुकडा दिसतोय. नातवाने अर्धी चाटली आणि आजोबांना मेडल द्या म्हणाला.

हाजमोला नाही, जिरं नाही, चिंच नाही. काळं मीठ असतं तर वास लपला नसता. ऑफिसातून हाफ डे घेऊन क्रॉफर्ड मार्केटला गेले, तिथे फॉरेनची चॉकलेटं विकतात ना, त्याने उलटसुलट करून बघितली आणि "मॅडम, ये खाने का है?" असं मलाच विचारलं. मग काष्ठौषधीवाल्याकडे. त्याने फक्त हुंगली, एक सेकंद, "ज्येष्ठमध आहे. पण ही खारट भानगड आमच्यातली नाही."

अर्धं कोडं सुटलं ते असं. आणि उरलेलं अर्धं, आई, तू सोडवलंस आणि तुला पत्ताच नाही! मंगळवारी फोनवर मटारचा भाव सांगता सांगता मध्येच म्हणालीस, "त्यांची ती गोळी मी एकदा चाटली हो, शी, कल्हईवाल्याचा धूर आठवला, टाकून दिली." मी हातातली वाटी खाली ठेवली. आजीच्या चाळीतलं अंगण, भाता, तापलेलं पितळी पातेलं, त्यात तो माणूस पांढरी पूड टाकून कापसाचा बोळा गरकन फिरवायचा आणि भसकन पांढरा धूर, आम्ही पोरं खोकत खोकत आणखी पुढे सरकायचो. ती पूड म्हणजे नवसागर. ज्येष्ठमध आणि नवसागर!

एवढं हाताशी आल्यावर शोधायला दहा मिनिटं लागली. उत्तर युरोपात ही मिठाई आहे, लोक आवडीने खातात, फिनलंडमध्ये तिला सल्मियाक्की म्हणतात, हॉलंडमध्ये ज्येष्ठमधाच्या गोळ्यांना ड्रॉप म्हणतात आणि त्यातल्या जास्त खारटवर डी झेड असा छाप असतो, डुबल झाउट, म्हणजे डबल खारी. टॉर्च तिरका धरून फोनने झूम केलं तर होतीच की ती अक्षरं. मी आधी आडवी धरून झेडचा एन वाचत बसले होते.

आणि त्याच रात्री तुम्हाला फोन केला तर तुम्ही काय म्हणालात, "अगं मग! संप्लवन! कापूर, नवसागर, डांबरगोळी, आयोडीन, घनातून थेट वायू." एका दमात. नवसागर आणि चुना तळहातावर चोळून अख्ख्या वर्गाला अमोनियाचा वास द्यायचात तेही सांगितलंत. म्हणजे तुम्ही ओळखलं होतंत! म्हणूनच आवडत होती का हो ती? मला हसू येत होतं आणि मग फोन ठेवल्यावर थोडा वेळ नुसती बसून राहिले. चाळीस वर्षांपूर्वीचा धडा जसाच्या तसा, आणि गेल्या महिन्यात गोळ्या कोणी दिल्या ते नाही. लगेच मनाला लावून घेऊ नका. मीही परवा गॅसवर दूध ठेवून लिफ्टने खाली गेले. पण मनात राहिलं, म्हणून लिहिलं.

आता त्या गोळीचा दोष काय ते. ज्येष्ठमधात जो गोड पदार्थ असतो, ग्लिसरायझिन, साखरेच्या तीस ते पन्नास पट गोड, तो जास्त दिवस पोटात गेला की मूत्रपिंडं मीठ आणि पाणी धरून ठेवतात आणि पोटॅशियम बाहेर टाकतात. म्हणजे बीपी वर, पायाला सूज, स्नायूंत गोळे. वर तुमची बीपीची गोळी पाण्याची, म्हणजे लघवी वाढवणारी, तीही पोटॅशियम घालवते, म्हणजे दोन्हीकडून गळती. अमेरिकेची एफडीए, म्हणजे अन्न-औषधांवर लक्ष ठेवणारी सरकारी संस्था, म्हणते चाळिशीपुढच्या माणसाने दोन औंस, म्हणजे ५७ ग्रॅमच्या आसपास, रोज दोन आठवडे खाल्लं तर हृदयाचे ठोके बिघडू शकतात. मी वजनकाट्यावर दहा गोळ्या ठेवल्या, ३६ ग्रॅम. आई म्हणते दिवसाला बारा-पंधरा होतातच. करा गुणाकार, गणितही शिकवलंयत तुम्ही. युरोपात ज्येष्ठमध जास्त असेल तर पाकिटावर छापावं लागतं की बीपीवाल्यांनी जपून खा. पण पाकीट तुम्ही टाकलंत आणि बाटलीत ओतल्या, बाटलीवर काय, हॉर्लिक्स लिहिलेलं.

डॉक्टरांना सगळं दाखवलं. त्यांनी गोळी हातात घेतली, खायची हिंमत केली नाही. म्हणाले बंद करा, पोटॅशियमचं सिरप द्या, दोन आठवड्यांनी रक्त परत बघू, बहुतेक उतरेल.

आई, आता तुझ्यासाठी, आणि रडायचं नाही. तुझ्या खोकल्याच्या काढ्यातही ज्येष्ठमध असतो. काढा चांगलाच आहे, आम्ही त्यावरच वाढलो, पण सध्या त्यात आलं, तुळस, गवती चहा घाल, ज्येष्ठमध नको. नाव ज्येष्ठमध असलं तरी ज्येष्ठ नागरिकांसाठी नाही तो, निदान आपल्या घरातल्या. तुझी चूक नाही. कोणाच्या डोक्यात येणार?

आणि आता ती गोष्ट जी मी चार पानं लांबवली. सोमवारपासून मावशी येणारेत. सकाळी आठ ते संध्याकाळी सहा. ठरवलंय, ॲडव्हान्स दिलाय, म्हणजे विचारत नाहीये, सांगतेय, आणि हे लिहितानाही हात जड झालाय. तुम्हाला जमत नाही म्हणून नाही हो. महिनाभर बाबांच्या पोटात काय जात होतं ते मला मुलुंडला बसून कळलं नाही, आई तुला घरात असून कळलं नाही कारण तू दिवसभर स्वयंपाकघरात आणि जिन्यावर, भाजी, दूध, बिल, दोन मजले वर-खाली, आणि तुझे गुडघे. मी रोज येऊ शकत नाही. नोकरी सोडायचाही विचार केला, खरंच केला, हप्ते बघितले आणि गप्प बसले. तुम्ही इकडे या म्हटलं तर शिवाजी पार्क सोडून बाबा दोन दिवसही राहत नाहीत, गणपतीत बघितलं ना. मग तिसरं काय उरतं, सांगा. मावशी माझ्या मैत्रिणीच्या सासूबाईंकडे चार वर्षं होत्या, स्वच्छ आहेत, कमी बोलतात, सिरीयल बघत नाहीत.

तुमचं काही हलणार नाही. सकाळचा चहा आईच करणार, आलं तीच किसणार. पेपर आधी बाबांच्याच हातात, कोडं सोडवून झाल्याशिवाय कोणी घडी मोडणार नाही. खिडकीजवळची खुर्ची तिथेच. दुपारी दोन ते चार घरात आवाज नाही, सांगून ठेवलंय. फोडणी तुझीच आई, त्या फक्त चिरून, निवडून देतील, बुधवारी मासे साफ करून देतील, तुझा तो कोयता त्यांना दे मात्र, लपवू नकोस.

बाकीचं नीट ऐका. सिरप पाण्यात घालूनच घ्या, नुसतं नाही, जेवणानंतर. पोटॅशियम कमी म्हणून स्वतःच्या मनाने नारळपाणी ढोसू नका, डॉक्टर सांगतील तेवढंच. बीपी रोज एकाच वेळी, पाच मिनिटं बसून, वहीत तारीख घालून. अंदाजे "१३० वगैरे" लिहायचं नाही बाबा, तुम्ही मुलांचे मार्क कापायचात त्यासाठी. कट्ट्यावर कोणी काही दिलं तर पाकिटासकट घरी आणा. छातीत धडधडलं, एकदम गळून गेल्यासारखं वाटलं तर रात्री दोनलाही फोन, "उगाच कशाला उठवा" चालणार नाही.

माहितीये, लहानपणी ठमाकाकू म्हणायचात ते याचसाठी.

खिशातला खाऊ बंद झाला असं नका समजू. लिमलेट पाठवलीय पिशवीत, दिवसाला एक, साखर तुमची बरी आहे म्हणून एक, आई मोजणार आहे.

रविवारी येते. मेगाब्लॉक असला तरी येते.

तुमची,
ठमाकाकू

ता. क. बाटली धुऊन परत पाठवलीय. काळ्या गोळ्या सगळ्या टाकल्या, एक सोडून. रिपोर्ट साडेतीनच्या वर आला की डोळे मिटायचे आणि तोंड उघडायचं. चावायची नाही.