आधी खाली बसवायचं

ती. मामांना,
सा. न.

२०१९ च्या पावसाळ्यात तुम्ही गेल्याचा निरोप आला तेव्हा मी नाइटला होते. दहाव्यालाही गावी पोचता आलं नाही. तेव्हा बोलायचं राहिलेलं आज लिहितेय, आणि सगळ्यांना वाचता येईल असं लिहितेय. पुण्याच्या ससून हॉस्पिटलमध्ये तुमच्या हाताखालून गेलेल्या सिस्टर आता कुठे कुठे पांगल्यात, त्यांनाही हेच म्हणायचं असणार. कागदोपत्री तुम्ही वॉर्डबॉय आणि आम्ही स्टाफ, पण कोण कोणाच्या हाताखाली होतं ते सगळ्यांना ठाऊक होतं.

२००१ साली मी रुजू झाले. तिसऱ्याच नाइटला माझ्यासमोरचा पहिला मृत्यू. वेल्ह्याकडचे आजोबा होते. सोबत एकटा मुलगा, व्हरांड्यात चटई टाकून झोपलेला. मी त्याला हलवून उठवलं आणि तो डोळे चोळत उभा राहतोय तोवर सांगून टाकलं. मला ते वाक्य तोंडातून एकदाचं बाहेर काढायचं होतं, बाकी काही सुचतच नव्हतं. त्याचे गुडघेच गेले. तुम्ही मागून कधी आलात कळलं नाही, पण त्याचं डोकं फरशीला लागलं नाही ते तुमच्यामुळे.

मला तुम्ही काही बोलला नाहीत. त्याला पाणी पाजलंत, भिंतीला टेकवून बसवलंत. मग आत येऊन आजोबांची हनुवटी बँडेजनं बांधायला घेतलीत. गाठ माझ्याकडून मारून घेतलीत, दोनदा सोडायला लावून. सैल नको आणि गाल ओढले जातील इतकी घट्टही नको. "घरच्यांना शेवटचा हाच चेहरा दिसणार, सिस्टर." पहाटे चहाचा ग्लास पुढ्यात ठेवताना एवढंच म्हणालात, "आधी खाली बसवायचं. मग सांगायचं."

आता आवार बघाल तर चक्रावाल. तुम्ही कुणाला रस्ता सांगायचात तो झाडांवरून, पाण्याच्या टाकीवरून, चहावाल्यावरून. त्यातल्या बऱ्याच खुणा गेल्या. नातेवाईक पूर्वी एस.टी.नं उतरून पुणे स्टेशनकडून चालत यायचे. २०२३ च्या ऑगस्टपासून मेट्रोही आहे, एक स्टेशन मंगळवार पेठेत आणि एक रेल्वे स्टेशनपाशी. पाट्या झाल्या, बाण झाले. तरी केसपेपर हातात घेऊन मधोमध उभं राहिलेलं माणूस रोज दिसतंच. तुम्ही बोट दाखवत नव्हता, बरोबर चालायला लागायचात. मला दर वेळी नाही जमत. खोटं कशाला सांगू?

दगडी इमारत मात्र आहे तशीच आहे, १८६७ ची. ऑपरेशन थिएटरबाहेर ताटकळलेल्या लोकांना तुम्ही तिची गोष्ट सांगायचात. येरवड्याच्या तुरुंगातून गांधीजींना इथे आणलं, १२ जानेवारी १९२४ च्या रात्री कर्नल मॅडॉकनी अपेंडिक्सचं ऑपरेशन केलं, मध्येच वीज गेली आणि उरलेलं काम कंदिलाच्या उजेडात उरकावं लागलं. "कंदिलावर गांधीजी वाचले, तुमच्या पेशंटला तर एवढे दिवे आहेत." लोक हसायचे, थोडे सैल व्हायचे. कंदील धरणारा माणूस तुमच्या आजोबांच्या ओळखीचा होता, हे शेपूट मला कधीच पटलं नाही. पण मी कुणापुढे बोलले नाही.

नव्या ११ मजली इमारतीचा सांगाडा तुम्ही पाहिलात, ती चालू झालेली नाही पाहिलीत. "मामा, हिच्यात ड्यूटी करायची ना?" असं विचारलं की म्हणायचात, "डेव्हिड ससूननं एवढा पैसा दिला, तोही दवाखाना उघडायच्या आत गेला. आपलं काय घेऊन बसलात!" ते खरंच आहे. ते १८६४ मध्ये इथेच पुण्यात वारले, लाल देवळाच्या, म्हणजे इथल्या ज्यूंच्या प्रार्थनास्थळाच्या, आवारात त्यांची कबर आहे.

ती इमारत एप्रिल २०२० मध्ये कोविडसाठी उघडली. मामा, तेव्हा तुमची फार आठवण आली. नातेवाईक आत येऊ शकत नव्हते, त्यामुळे खाली बसवायला समोर माणूसच नव्हतं. फोनवर सांगायचं. पीपीई घातलेला, चष्म्यावर वाफ, आणि पलीकडून "हां, बोला मॅडम" असा आवाज. पहिल्या फोनला माझी जीभ उचलेना. मग तोंडातून आपोआप निघालं, "दादा, तुम्ही कुठे आहात? जवळ बसायला काही आहे का? आधी बसून घ्या." पलीकडे खुर्ची ओढल्याचा आवाज आला. मग मी सांगितलं.

पुढे प्रत्येक फोनला तेच केलं. एक बाई म्हणाल्या, "मी ओट्यापाशी आहे, बसते." एकजण गाडी चालवत होता. त्याला आधी बाजूला घ्यायला लावलं, तो थांबेपर्यंत लाइनवर गप्प राहिले. आता माझ्या हाताखालच्या मुलीही तसंच विचारतात. हे कुठून आलं ते त्यांना माहीत नव्हतं. म्हणूनही हे पत्र.

थँक्यू म्हटलेलं तुम्हाला आवडायचं नाही. "चहा पाजा" म्हणायचात. तो हिशेब माझ्याकडे थकलेलाच आहे.

रिटायर होताना तुम्ही दिलेली दोन सेलची टॉर्च माझ्या ड्रॉवरमध्ये आहे. जनरेटर आहे, मोबाईलला दिवा आहे, म्हणून पोरी हसतात मला. सेल मी पगाराच्या दिवशी बदलते.

तुमची,
सिस्टर