डोसचं गणित

चि. मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात, पोस्टिंग मिळालं, फार बरं वाटलं. डोसच्या गणिताची धास्ती वाटते म्हणालीस. गणित शाळेतल्या त्रैराशिकाचंच आहे. चूक होते ती बहुधा त्याच्या आधी किंवा नंतर, म्हणून तेवढंच लिहिते.

वजन किलोत लिही: 850 ग्रॅम म्हणजे 0.85 किलो. टिंबाआधी शून्य हवंच, आणि 5 मिग्रॅ कधी 5.0 असं लिहू नकोस. टिंब पुसट झालं की डोस दहापट. सुरुवातीला बाळाचं वजन उतरतं. ते परत भरेपर्यंत साधारणपणे जन्मवजनच धरतात. तुमच्या युनिटचा नियम विचारून घे.

जेंटामायसिन या अँटिबायोटिकचं उदाहरण घे. बाळ 1.2 किलो, ऑर्डर किलोला 5 मिग्रॅ, म्हणजे 6 मिग्रॅ. मिलीत 10 मिग्रॅची व्हायल (औषधाची छोटी बाटली) असेल तर 0.6 मिली, 40 ची असेल तर 0.15. चाळीसच्या व्हायलमधून 0.6 काढलंस तर 24 मिग्रॅ जाईल, आणि हे औषध मूत्रपिंडाला आणि कानाला बाधतं. म्हणून लेबल दर वेळी वाचायचं, कालचं आठवतंय म्हणून सोडायचं नाही. चाळीसचं दहा करायला 1 मिली औषधात 3 मिली सलाइन, एकूण 4. घाईत 4 मिली सलाइन पडतं, एकूण 5 होतं आणि मिलीत 8 मिग्रॅच उरतात.

आता सिरिंज. तिच्या टोकाशी आणि सुईत थोडं औषध अडकलेलं असतं, ते खुणांवर दिसत नाही. 0.06 मिली औषध घेऊन त्याच सिरिंजमध्ये सलाइन ओढलंस की ते अडकलेलंही आत येतं आणि डोस दुपटीच्या जवळ जाऊ शकतो. मोठ्या सिरिंजमध्ये आधी सलाइन घे, मग मोजलेलं औषध त्यात सोड. मोजायला 1 मिलीचीच सिरिंज.

कॅफिनच्या ऑर्डरमध्ये सायट्रेट लिहिलंय की नुसतं कॅफिन, ते बघ. 20 मिग्रॅ सायट्रेटमध्ये कॅफिन 10 मिग्रॅच असतं.

डोपामिन हे रक्तदाब टिकवायचं औषध. त्याची ऑर्डर किलोला दर मिनिटाची असते, पंप तासाला चालतो. 5 मायक्रोग्रॅम × 1.2 किलो × 60 मिनिटं = तासाला 360 मायक्रोग्रॅम. मिलीत 600 मायक्रोग्रॅमचं द्रावण असेल तर पंप तासाला 0.6 मिलीवर. आणि ती लाइन कधीही फ्लश करू नकोस, म्हणजे सलाइन ढकलून धुऊ नकोस, नळीत साठलेलं सगळं डोपामिन एकदम बाळात जाईल.

कॅल्क्युलेटर हातात घेण्याआधी उत्तर किती यायला हवं याचा अंदाज बांध. एवढ्याशा बाळाला अख्खी व्हायल लागतेय असं दिसलं तर तिथेच थांब. डबल चेक करणारीला तुझा आकडा आधी सांगू नकोस, तिला ऑर्डर आणि व्हायल दे. उत्तरं जुळली नाहीत तर कोण सीनियर ते बघायचं नाही, दोघींनी पुन्हा ऑर्डरपासून सुरुवात करायची. तरीही जुळलं नाही, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय औषध द्यायचं नाही.

तुझी,
आई